तुटका जबडा कोणाचा? सागरी थरातल्या जीवाश्माची ओळख पटवताना

सागरी गाळाच्या थरात, किंवा अशा थराच्या पायथ्याशी लाटांनी धुतलेल्या गोट्यांत, कधीतरी हाडाचा एक तुकडा हाती लागतो. एका कडेला ओळीने भोकं, एखाद्या भोकात दाताचा खुंट. जबडा असावा असं वाटतं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणाचा? नवखा माणूस इथे थेट नावाकडे धावतो. चित्रं चाळतो, त्यातल्या सर्वांत थरारक प्राण्याशी थोडंफार जुळलं की शोध थांबवतो. या लेखात रस्ता उलटा आहे. नाव शेवटी. आधी हा तुकडा कोणाचा नाही ते ठरवत जायचं. आणि त्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती बहुतेकांनी फोटोतसुद्धा न घेतलेली बाजू, म्हणजे तुटलेली कड.

उचलण्याआधी

तुकडा थरात रुतलेला असेल तर हात आवरा. आधी एक फोटो लांबून, ज्यात आजूबाजूचे थर दिसतील, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. जीपीएसचे आकडे टिपा. कोणता थर, त्याच्या तळापासून किती उंचीवर, दातांची बाजू वर होती की खाली, शेजारी कोणते शिंपले होते, हे सगळं तिथेच उभं राहून वहीत लिहा. घरी गेल्यावर आठवेल असं वाटतं, आठवत नाही. तुकडा सुटा पडलेला मिळाला असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण तो वरच्या कुठल्याही थरातून घसरून आलेला असू शकतो.

जीवाश्म गोळा करण्याचे नियम जागेगणिक बदलतात. कुठे सुटे तुकडे उचलायला मुभा असते, कुठे हाडाच्या जीवाश्माला हात लावायलाही परवाना लागतो. जाण्याआधी विचारून घ्या. कड्याच्या पोटात खोदू नका, आणि किनारा असेल तर भरतीची वेळ पाहून निघा.

अजून एक, आणि हे फार लोक विसरतात: हाडाला चिकटलेला गाळ नळाखाली धुऊन टाकू नका. त्या चिमूटभर गाळात फोरॅमिनिफेरासारखी सूक्ष्म कवचं असू शकतात आणि त्यांवरून थराचं वय ठरवता येतं. थोडा गाळ छोट्या डबीत वेगळा काढून तिच्यावर तोच क्रमांक घाला. पुढे वयाचा प्रश्न येईल तेव्हा ही डबी हाडाहून जास्त बोलते.

हाडच आहे ना?

रंगावर जाऊ नका. सागरी थरातली हाडं फॉस्फेट, लोह, मँगनीज शोषून काळी, तपकिरी, निळसर होतात, पण चिखलात पडून राहिलेलं आजकालचं हाडही काळं पडतं. जडपणाही फसवतो. खात्री करायची ती दहापट दाखवणाऱ्या भिंगाने, तुटलेल्या जागी. हाडाला बाहेर घट्ट भिंत असते आणि आत जाळी, शिळ्या पावासारखी. त्या घट्ट भिंतीतही रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रं दिसतात. गारगोटीचा किंवा चिकणमातीचा गोळा कितीही हाडासारखा दिसला तरी त्यात ही बाहेर घट्ट, आत जाळी अशी रचना सापडत नाही.

जिभेला लावून पाहायची जुनी युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, हे खरं. पण पूर्ण दगड झालेलं हाड चिकटत नाही आणि काही चिकणमाती चिकटते, त्यामुळे मी हिच्यावर विसंबत नाही. तापलेल्या सुईची दुसरी युक्ती आहे: ताज्या हाडाला टोचली की केस जळल्याचा वास येतो, कारण त्यात कोलॅजन (हाडातलं प्रथिन) शिल्लक असतं. मात्र थंड हवेत टिकलेल्या हिमयुगीन हाडातही कोलॅजन राहतं. आणि सुईचा डाग कायमचा राहतो. चांगल्या तुकड्यावर हा प्रयोग नको.

जबडाच आहे ना?

माझी पहिली ओळख इथेच फसली. आठवडाभर मी ज्या दातांच्या खोबणी समजून मोजत होतो, ती शिंपल्यांनी पोखरलेली भोकं होती आणि 'जबडा' म्हणजे एक बरगडी. समुद्रतळावर पडलेलं हाड पोखरणारे शिंपले आणि कृमी बरेच आहेत. त्यांची भोकं कुठेही, कशाही कोनात असतात आणि हाडाची जाळी सरळ कापत जातात. दाताची खोबण तशी नसते. ती एका ओळीत असते आणि तिला स्वतःची पातळ, तुलनेने गुळगुळीत अशी हाडाची अस्तर-भिंत असते. भिंगाखाली हा फरक एकदा पाहिला की पुन्हा चूक होत नाही.

जबड्याच्या आणखी खुणा म्हणजे बाहेरच्या बाजूवर दातांच्या ओळीखाली छोट्या छिद्रांची रांग (नसा आणि रक्तवाहिन्या तिथून ओठाकडे, हिरडीकडे येतात), आतून लांबीभर जाणारी एक नळी, आणि पुढच्या टोकाला खडबडीत सपाट जागा, जिथे डावा आणि उजवा जबडा एकमेकांना भिडतो.

काही वस्तू जबडा नसूनही तोंडातल्याच असतात. पाकटाच्या काही जातींचे दात फरशीसारखे एकमेकांना घट्ट बसून पट्टी तयार होते. तिच्या खालच्या बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या समांतर रेघा असतात, त्या दिसल्या की प्रश्न मिटला. साळिंदरासारखे काटे फुगवणाऱ्या डायोडॉन माशाच्या तोंडातली चुरडपट्टी म्हणजे पातळ पत्रे एकावर एक रचलेली गड्डी. घोळ माशाच्या कुळातल्या काही माशांच्या घशात हाडाची तबकडी असते आणि तिच्यावर वाटाण्यासारखे गोल दात दाटीने बसलेले असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यातलं काहीही माशाचं वाटत नाही.

शार्कचा, म्हणजे मुशीचा, अख्खा जबडा मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका. तो कूर्चेचा असतो. दात हजारोंनी टिकतात, जबडा क्वचित, आणि टिकलाच तर कूर्चेच्या पृष्ठावरच्या चुनायुक्त बारीक बहुकोनी ठिकऱ्यांची नक्षी दिसते. हाडाची जाळी त्यात नसते.

तुटलेली कड वाचा

आता तुकड्याची तुटलेली बाजू डोळ्यांसमोर धरा आणि बाजूने, जवळजवळ आडवा पडेल असा प्रकाश टाका. विचारायचा प्रश्न एकच: इथे किती हाडं आहेत?

सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्याची एक बाजू म्हणजे एकच हाड. सरपटणाऱ्या प्राण्यांत आणि माशांत तीच बाजू अनेक हाडं जोडून बनते. त्यामुळे छेदात दोन-तीन हाडांच्या कडा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या, किंवा आतल्या बाजूला लांबलचक खाच दिसली जिच्यात दुसरं हाड बसत असणार, तर सस्तन प्राणी जवळपास बाद. उलट, एकच अखंड हाड आणि मध्ये नळी असेल तर सस्तन प्राण्याकडे पारडं झुकतं. झुकतं म्हणतोय, पडतं नाही, कारण तडा आणि सांधा यांत गल्लत होते. तडा हाडाची जाळी कापत जातो. सांध्यावर दोन्ही हाडांना आपापली घट्ट कड असते.

मग नळीचा आकार पाहा. बहुतेक प्राण्यांत ती हाडाच्या मानाने लहान असते. पण दातवाल्या देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या खालच्या जबड्यात मागच्या भागात ती प्रचंड रुंद होते आणि बाहेरची भिंत कागदी पातळ. जिवंतपणी त्या पोकळीत चरबी असते आणि पाण्यातला आवाज तिच्यातून कानापर्यंत पोचतो. म्हणजे दात एकही नसलेला, मोठ्या पोकळीचा, पातळ भिंतीचा जबड्याचा मागचा तुकडाही मालकाचं नाव अर्धं सांगून जातो.

समुद्रगायीच्या कुळातलं हाड याच्या अगदी उलट असतं, घट्ट आणि जड. त्यांच्या बरगड्या तर आतून जवळपास भरीव असतात. सागरी थरात तशा जाड, केळीसारख्या वाकलेल्या बरगड्या शेजारी दिसल्या तर वहीत नक्की टिपा.

वरचा की खालचा, डावा की उजवा

खालचा जबडा म्हणजे बहुधा एक दांडा. वरच्या जबड्याला दातांच्या ओळीपासून आतल्या बाजूला टाळूचा पत्रा फुटतो, त्यामुळे छेद काटकोनासारखा दिसतो. पुढची बाजू ओळखायची तर जबडे भिडण्याची खडबडीत जागा शोधा. ती नसेल तर दातांची टोकं बहुधा मागे झुकलेली असतात आणि खालच्या जबड्याची उंची मागे वाढत जाते. बाहेरची बाजू फुगीर आणि छिद्रांची, आतली सपाट.

खालचा जबडा असेल तर दात वर आणि पुढचं टोक तुमच्यापासून लांब असा धरा. फुगीर बाजू डावीकडे आली तर डावा जबडा. एवढं केलं की फोटो पाहणाऱ्या तज्ज्ञाचे पहिले तीन प्रश्न तुम्ही आधीच सोडवलेले असतात.

दात कसा बसलाय

या विद्येचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबू.

१८३४ साली अमेरिकेतल्या रिचर्ड हार्लन यांनी एका अवाढव्य सागरी प्राण्याला बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा, असं नाव दिलं. तो सागरी सरपटणारा प्राणी आहे अशी त्यांची समजूत होती. १८३९मध्ये ते जीवाश्म घेऊन लंडनला गेले आणि रिचर्ड ओवेन यांनी दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं होती. सरपटणाऱ्या प्राण्याचा दात एकमुळी असतो. जबड्यात दोन मुळांनी घट्ट रोवलेला दात हे सस्तन प्राण्याचं लक्षण. ओवेन यांनी प्राणी देवमाशांच्या गटातला ठरवला आणि झ्यूग्लोडॉन हे नवं नावही सुचवलं. पण नामकरणाच्या नियमाने आधीचं नाव टिकतं, त्यामुळे एक पुरातन देवमासा आजही सरड्यांचा राजा म्हणूनच नोंदलेला आहे. एवढी उलथापालथ दोन मुळांनी केली.

म्हणून दात गळून गेले असले तरी खोबणी मोजताना सावध राहा. दोन भोकं म्हणजे दोन दात असं नाही. एकाच दाढेच्या दोन मुळांमधली हाडाची भिंत बहुधा पातळ आणि बुटकी असते. दोन वेगळ्या दातांमधली भिंत जाड आणि हिरडीच्या पातळीपर्यंत उंच. भोकं जोडीजोडीने दिसत असतील, जोडीतली भिंत बुटकी असेल, तर दोन मुळांचा दात समजा आणि सस्तन प्राण्यांकडे वळा. तिथे पुरातन देवमासे असतील, सील असतील (आखूड जबडा, पुढे सुळ्याची मोठी खोबण, मागे दाढांच्या जोडखोबणी), समुद्रगायी असतील (पुढचा भाग खाली वाकलेला, दाढांवर गोलसर उंचवटे), किंवा जमिनीवरचा प्राणीही असेल.

जमिनीवरचा प्राणी समुद्राच्या थरात? हो, नद्या मढी वाहून आणतात, आणि जुनी जमीन नंतर पाण्याखालीही जाते. उत्तर समुद्रात मच्छीमारांच्या जाळ्यात मॅमथचे दात येतात ते यामुळेच. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये लांब मोकळी जागा आणि खोल, उंच दाढा दिसल्या तर घोडा, गायबैल यांच्यासारख्या चरणाऱ्या प्राण्याचा विचार आधी करा, आणि तो कालपरवाचा नाही ना हेही तपासा.

आता एकाच मुळाचे दात. इथे गर्दी जास्त आहे. मगरीच्या कुळात प्रत्येक दात खोल, गोल, स्वतंत्र खोबणीत बसतो, खोबणी लहानमोठ्या असतात आणि जबड्याची कड लाटेसारखी वरखाली होते. जुन्या दाताच्या पोकळ बुडातून नवा दात वर येत असतो, म्हणून तुटलेल्या दातात पेल्यात पेला ठेवावा तसा दुसरा दात दिसला तर मगर हे पहिलं नाव. दातवाल्या देवमाशांत खोबणी एकसारख्या, दातही एकसारखे, आणि आत नवा दात नाही, कारण त्यांचे दात बदलत नाहीत. प्लेसिओसॉरचे (वल्ह्यांसारख्या पायांचा लुप्त सागरी सरपटणारा प्राणी) दात बारीक, वाकडे, उभ्या रेघांचे, स्वतंत्र खोबणीत. नवे दात आतल्या बाजूने येतात. इक्थिओसॉरचे (माशाच्या आकाराचा लुप्त सागरी सरपटणारा प्राणी) दात बहुधा एका सलग चरात ओळीने उभे असतात आणि मुळांवर घड्या पडलेल्या दिसतात, त्यामुळे मधल्या भिंती नसलेला लांब चर दिसला की त्याची आठवण व्हावी.

मोसासॉर हा घोरपडीचा समुद्रातला, आता लुप्त, दूरचा भाऊबंद. त्याच्या दाताचं बूड फुगीर, हाडासारख्या पदार्थाचं, आणि जबड्याच्या हाडात मिसळून गेलेलं असतं. त्या बुडाच्या मागच्या-आतल्या बाजूला खड्डा पडलेला दिसतो, जिथे नवा दात वाढत असतो. टाळूच्या मागच्या हाडावरही त्याला दात असतात, म्हणून दात असलेला पण जबड्याच्या कोणत्याही चौकटीत न बसणारा वाकडा तुकडा मिळाला तर हे लक्षात ठेवा. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला अठराव्या शतकात सापडलेल्या मोसासॉरच्या जबड्यांनी भल्याभल्यांना चकवलं. पेट्रुस कांपर यांनी तो देवमासा ठरवला, फोजा यांनी मगर. पेट्रुस यांचा मुलगा आड्रियान याने तो घोरपडीच्या नात्यातला असल्याचं सांगितलं आणि कुव्हिए यांनी १८०८मध्ये तेच पक्कं केलं. तेव्हा पहिल्या फेरीत तुमचं चुकलं तर संगत वाईट नाही.

हाडाच्या माशांत दात बहुधा खोल रुजलेले नसतात. ते जबड्याच्या कडेवर चिकटलेले असतात आणि तुटले की मागे एक गोल कडं राहतं, मध्ये खळगा. हाड पातळ, हलकं, बरेचदा बाहेरून उभ्या-आडव्या रेघांचं. काहींचे दात ब्रशच्या केसांसारखे दाट पट्ट्यात असतात. अपवाद आहेतच. क्रिटेशस (डायनोसॉर-युगाचा शेवटचा काळ) थरांतल्या एन्कोडस माशाचा टाळूवरचा एकटा मोठा सुळा पाहून अनेकजण सरपटणाऱ्या प्राण्याची स्वप्नं पाहतात.

आणि दातच नसतील तर? कासवाचा जबडा बिनदाताचा, पुढे जुळलेला, इंग्रजी व्हीसारखा, आणि चोचीचं आवरण पोसणाऱ्या बारीक छिद्रांनी भरलेला. झालरवाल्या (दातांऐवजी तोंडात गाळणीसारखी झालर असलेल्या) देवमाशाचा खालचा जबडा म्हणजे लांब, गोलसर, धनुष्यासारखा वाकलेला दांडा. खोबणी नाहीत, छिद्रांची रांग मात्र आहे. एक गंमत सांगून पुढे जातो: पेलागॉर्निथिड नावाचे प्रचंड समुद्रपक्षी होऊन गेले. त्यांच्या चोचीच्या कडेला दातांसारखी टोकं असत, पण ती जबड्याच्या हाडालाच फुटलेली. खोबण नाही, मूळ नाही, एनॅमल नाही. दात आणि जबडा यांच्यात सांधाच सापडेना असं झालं तर हे पक्षी आठवा.

एका गोष्टीपासून जपा. लांब, अरुंद, टोकदार दातांचं तोंड हे मासे पकडायचं हत्यार आहे आणि ते सुसरीने, डॉल्फिनने, इक्थिओसॉरने आणि कितीतरी माशांनी आपापलं घडवलं. म्हणून तोंडाचा एकूण आकार ही सगळ्यात कच्ची खूण. खोबण आणि छेद या पक्क्या.

थराचं वय काय म्हणतं

भूशास्त्रीय नकाशात ती जागा शोधा आणि थराचं वय पाहा. मग कॅलेंडर लावा. इक्थिओसॉर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपले. मोसासॉर आणि प्लेसिओसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरबरोबर. देवमासे आणि समुद्रगायी त्यानंतर, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपासून दिसू लागतात. सील आणखी बरेच नंतर. अमोनाइटच्या (गुंडाळलेल्या कवचाचा, डायनोसॉरबरोबरच संपलेला सागरी प्राणी) थरात देवमासा नसतो आणि मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ) थरात मोसासॉर नसतो. अर्धी यादी इथेच गळून पडते.

फक्त एक अडचण लक्षात घ्या. जुन्या थरातून झिजून निघालेलं हाड नव्या थरात पुन्हा पुरलं जातं. असं हाड गोटीसारखं घासलेलं, गुळगुळीत, कडा बोथट झालेलं असतं, आणि त्याच्या पोकळीत अडकलेला गाळ बाहेरच्या गाळाहून वेगळा असतो. तो वेगळा गाळ दिसला तर त्याचंही चिमूटभर राखा.

मोजमाप, फोटो, देखभाल

व्हर्नियर कॅलिपरने लांबी, उंची, जाडी, प्रत्येक खोबणीचा व्यास आणि एका खोबणीच्या मध्यापासून पुढच्या खोबणीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. शेवटचा आकडा सोन्यासारखा आहे, कारण तुकडा कितीही अपुरा असला तरी तो बदलत नाही. फोटो सहा बाजूंचे: वर, खाली, आत, बाहेर आणि दोन्ही टोकं. मोजपट्टी हाडाच्या मध्यावरच्या उंचीला धरा, टेबलावर टाकू नका. मोबाइल फार जवळ नेला तर आकार वाकडा येतो. थोडं लांब जाऊन झूम करा.

साफसफाईला मऊ कुंचला आणि लाकडी काडी पुरते. समुद्राच्या पाण्यातून आलेला पक्का तुकडा गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून मीठ काढावं लागतं, नाहीतर वाळताना मिठाचे स्फटिक हाड फोडतात. पण चिकणमातीतलं भुसभुशीत हाड पाण्यात विरघळल्यासारखं सुटं होतं, त्याला पाणी दाखवू नका. पिवळट-पांढरी पूड आणि गंधकाचा वास येऊ लागला तर हाडातला पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) कुजतोय. तुकडा कोरड्या, बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू नको. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचा राळेसारखा चिकटपदार्थ वापरतात, कारण तो अ‍ॅसिटोनने पुन्हा काढता येतो. व्हिनेगर तर अजिबात नको.

नाव किती लांब न्यायचं

प्रजातीचं नाव लिहायची घाई म्हणजे पुरावा नसताना सही करणं. शास्त्रज्ञही जपून लिहितात आणि त्यासाठी त्यांची सोयीची चिन्हं आहेत. वंश कळला, जात नाही, तर नावापुढे 'एसपी.' 'सीएफ.' म्हणजे याच्याशी ताडून पाहा, बहुधा हेच. 'अ‍ॅफ.' म्हणजे याच्या जवळचं, पण हेच नाही. 'इंडेट.' म्हणजे इथून पुढे ठरवता येत नाही. सागरी थरातल्या जबड्याच्या तुकड्यांवर 'इंडेट.' फार वेळा लिहिलं जातं आणि त्यात कमीपणा काही नाही. खोटी अचूकता असलेला नमुना संग्रहात निरुपयोगी ठरतो. गट, जागा आणि थर बरोबर असलेला उपयोगी.

एक तुकडा वाचून पाहू

समजा तुकडा ११ सेंटिमीटर लांब आहे. कड्याखाली सुटा सापडला. कड्यातले सगळे थर मायोसीनचे, शिंपले भरपूर. नऊ गोल भोकं एका ओळीत, प्रत्येकी सुमारे ७ मिलिमीटर, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण साडेदहा. सातव्यात दाताचा खुंट.

भोकं एका ओळीत आहेत, त्यांना अस्तर-भिंत आहे, म्हणजे पोखरण नाही. मधल्या भिंती सगळ्या सारख्या उंच, म्हणजे जोडखोबणी नाहीत. प्रत्येक दात एकमुळी. तुटलेल्या टोकाला एकच हाड आणि मध्ये नळी. टाळूचा पत्रा नाही, तेव्हा खालचा जबडा. आतल्या बाजूला पुढचा मोठा भाग खडबडीत आणि सपाट: इथे दुसरी बाजू भिडत होती, आणि लांबवर भिडत होती. दात वर, पुढचं टोक लांब धरलं तर छिद्रांची फुगीर बाजू उजवीकडे येते. उजवा जबडा.

वयामुळे मोसासॉर, इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर गेले. मासा? दात खोल रुजलेत, हाड जाड आहे, नाही. मगरीचं कुळ मायोसीनमध्ये आहे आणि सुसरीसारख्या लांब तोंडाच्या मगरींचे जबडेही असेच लांबवर भिडतात, म्हणून इथे घाई नको. पण खोबणी लहानमोठ्या नाहीत, कड लाटेसारखी नाही, आतल्या हाडासाठी खाच नाही, आणि खुंट भिंगाखाली पाहिला तर त्याच्या पोटात नवा दात नाही. उरतो दातवाला देवमासा, लांब तोंडाचा.

पुढे जाता येईल का? लांब तोंडाचे देवमासे मायोसीनमध्ये एकाहून जास्त कुळांत होते आणि हा तुकडा त्यांच्यात निवड करायला पुरत नाही. चिठ्ठी अशी होईल (ओडोंटोसेटी म्हणजे दातवाले देवमासे): 'ओडोंटोसेटी इंडेट., लांब तोंडाचा, खालचा उजवा जबडा, पुढचा भाग, मायोसीन, कड्याखाली सुटा.' खाली जीपीएस, तारीख, गाळाच्या डबीचा क्रमांक. फोटोंसह हीच चिठ्ठी जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला पाठवा.

उत्तर येईपर्यंत त्याच जागी पुन्हा जायचं असेल, तर या वेळी दात शोधू नका. देवमाशांच्या कानाची हाडं दगडासारखी घट्ट असतात, जबडा चुरून जातो तिथेही टिकतात, आणि त्यांच्यावरून कुळ, कधी वंशसुद्धा ठरतो. त्यातलं एक गुंडाळलेल्या कवडीसारखं दिसतं. शिंपल्यांच्या ढिगात ते सहज लपतं, म्हणून प्रत्येक जाड 'कवडी' उलटून पाहा.